दोन शॉटमधला 'म्हणून'

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या वाचनालयातर्फे महिन्याला एक चित्रपट दाखवतो, नंतर अर्धा तास गप्पा होतात. पुढच्या महिन्यात 'गुड नाइट, अँड गुड लक' ठरलाय. एका टीव्ही कार्यक्रमाने खरंच सिनेटर मॅकार्थीला खाली खेचलं का? त्यात किती खरं आणि किती तिखटमीठ? आणि मॅकार्थीचं नावही न ऐकलेल्या लोकांना हा झेपेल का?"

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सव्वीस वर्षं बातम्यांच्या वाहिन्यांत एडिटिंग केलं, आता मुलांना तेच शिकवतो. दरवर्षी नव्या बॅचला हा चित्रपट दाखवतो आणि दरवर्षी हाच प्रश्न येतो, त्यामुळे उत्तर एडिट टेबलावर बसूनच देतो. चित्रपटाची गोष्ट अमेरिकेतली: सीबीएस वाहिनीवरचा पत्रकार एडवर्ड मर्रो 'सी इट नाऊ' या आपल्या कार्यक्रमातून, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला कसा भिडला, ती.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. "किती खरं" असं विचारलं की आपण घटना तपासायला लागतो, आणि त्या तपासणीत हा चित्रपट बहुतेक पास होतो. हवाई दलातून काढायला निघालेला राडुलोविच खरा, मॅकार्थीच्या समितीपुढे उभी केलेली अ‍ॅनी ली मॉस खरी, ९ मार्च १९५४ चा कार्यक्रम खरा, मॅकार्थीने पडद्यावर येऊन दिलेलं उत्तर खरं. मॅकार्थी तर इतका खरा की त्याच्या भूमिकेत नटच नाही. जिथे तो दिसतो तिथे जुनं फुटेजच आहे. दिग्दर्शक जॉर्ज क्लूनी एक किस्सा सांगतो: सुरुवातीच्या खेळांना आलेल्या काही प्रेक्षकांनी तक्रार केली की मॅकार्थीचं काम करणारा नट फारच ओव्हरअ‍ॅक्टिंग करतो.

गडबड घटनांमध्ये नाही, दोन घटनांच्या मधल्या जागेत आहे. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. दोन शॉट शेजारी ठेवले की बघणारा आपल्या मनाने मध्ये एक 'म्हणून' टाकतो. पुढारी हसतोय, कट, रडणारी बाई. आपण एक अक्षर बोललेलो नसतो, तरी आरोप करून मोकळे झालेलो असतो. काही वर्षांचा ताण ९३ मिनिटांत बसवायचा तर असे 'म्हणून' पडणारच. तुमच्या गप्पांना विषय हवा असेल तर एकेक 'म्हणून' उचला आणि विचारा, हा कमावलेला आहे की फुकट मिळालेला?

पार्श्वभूमी लोकांना लागेलच. जोसेफ मॅकार्थी हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा सिनेटर. ९ फेब्रुवारी १९५० ला व्हीलिंग गावातल्या भाषणात त्याने परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्याकडे असल्याचं सांगितलं. आकडा म्हणे २०५. पुढच्याच काही दिवसांत तो ५७ झाला, मग ८१. यादी कोणाला दिसली नाही, पण त्याचं नाव घरोघरी पोचलं. १९५३ मध्ये तो सिनेटच्या चौकशी उपसमितीचा अध्यक्ष झाला आणि लोकांना बोलावून जाहीर उलटतपासणी घेणं हा त्याचा उद्योगच झाला. इथे एक गोंधळ नेहमी होतो. हॉलिवुडच्या लेखक-दिग्दर्शकांना देशोधडीला लावणारी समिती वेगळी होती, ती प्रतिनिधिगृहाची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या दुसऱ्या सभागृहाची. मॅकार्थी सिनेटमध्ये होता. भीती मात्र एकच. सीबीएस या वाहिनीने १९५० च्या अखेरीस आपल्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेच्या (कम्युनिस्ट पक्षाशी संबंध नाही ना, अशा) प्रश्नावलीवर सह्या घेतल्या होत्या. एडवर्ड मर्रो त्याच वाहिनीत काम करत होता, हे विसरून चालणार नाही.

मर्रोला नाव मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. लंडनवर बॉम्ब पडत असताना तो तिथून रेडिओवर अमेरिकेला हकीकत सांगायचा. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आणि निर्माता फ्रेड फ्रेंडलीने 'सी इट नाऊ' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच भागात ब्रुकलिन आणि गोल्डन गेट हे दोन पूल, म्हणजे देशाची दोन टोकं, एकाच वेळी थेट दाखवली. मर्रो कार्यक्रम सादर करायचा तो कंट्रोल रूममध्ये बसून, मागे मॉनिटर आणि कामात गुंतलेली माणसं. आज ज्याला आपण न्यूजरूमचा सेट म्हणतो आणि ज्यावर भरपूर पैसे उधळतो, ते त्याने गरजेपोटी केलं होतं.

आता पहिला 'म्हणून', आणि तो पूर्णपणे कमावलेला आहे. मायलो राडुलोविच हा हवाई दलाच्या राखीव तुकडीतला लेफ्टनंट, मिशिगनमधल्या डेक्स्टर गावी राहून विद्यापीठात शिकणारा. त्याला काढायचं ठरलं, कारण त्याचे वडील आणि बहीण 'संशयास्पद'. वडील सर्बियातून आलेले, त्या भाषेतलं एक वर्तमानपत्र मागवायचे. सुनावणीत पुरावा म्हणून एक बंद पाकीट होतं, ते उघडलं गेलं नाही. वडिलांशी आणि बहिणीशी संबंध तोडलेस तर बघू, असा एकूण सूर. २० ऑक्टोबर १९५३ ला 'सी इट नाऊ'ने अर्धा तास यालाच दिला. राडुलोविच स्वतः बोलला, बहीण बोलली, वडील बोलले, गावातले लोक बोलले. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, हवाई दलाचे सचिव हॅरल्ड टॅलबट यांनी याच कार्यक्रमात येऊन निर्णय फिरवल्याचं जाहीर केलं. इथे कार्यक्रम झाला म्हणून नोकरी वाचली, असं छातीठोकपणे म्हणता येतं. मजा अशी की या प्रकरणात मॅकार्थी स्वतः कुठेच नव्हता. हे त्याच्याविना चाललेलं मॅकार्थीचं राज्य होतं, आणि माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात भयानक भाग तोच आहे.

शिकवताना मी इथे जास्त वेळ काढतो. नव्या मुलांना थेट मोठ्या माणसावर उडी घ्यायची असते. मर्रो आणि फ्रेंडलीनी आधी एक छोटं, पक्कं प्रकरण निवडलं. एक माणूस, एक पाकीट, एक अन्याय, सगळा तपासून घेता येईल असा. वाहिनी जाहिरात करायला तयार नव्हती, तर दोघांनी स्वतःच्या खिशातले १,५०० डॉलर घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. त्यात वाहिनीचं बोधचिन्ह नव्हतं. वाहिनीने अडवलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत त्यांना ही मधली अवस्था बरोबर कळेल.

दुसरा 'म्हणून' सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कच्चा: ९ मार्च १९५४ ला मर्रोने मॅकार्थीवर कार्यक्रम केला, म्हणून मॅकार्थी पडला. चित्रपट असं कुठे म्हणत नाही. पण दृश्यं ज्या क्रमाने येतात त्यातून प्रेक्षक हेच घेऊन घरी जातो.

त्या आठवड्याचं कॅलेंडर बघा. त्याच ९ मार्चला, दिवसा, व्हरमाँटचे सिनेटर राल्फ फ्लँडर्स यांनी सिनेटमध्ये उभं राहून मॅकार्थीवर हल्ला चढवला. तेही मॅकार्थीच्याच रिपब्लिकन पक्षाचे. दोनच दिवसांनी लष्कराने एक अहवाल बाहेर काढला: मॅकार्थीचा उजवा हात रॉय कोन याने आपला सैन्यात भरती झालेला मित्र डेव्हिड शाइन याला सवलती मिळाव्यात म्हणून लष्करावर कसा दबाव आणला, त्याची तारीखवार नोंद. ती नोंद काही मर्रोचा कार्यक्रम बघून रातोरात लिहिलेली नव्हती. आणखी मागे जा. हर्बलॉक या व्यंगचित्रकाराने 'मॅकार्थीझम' (मॅकार्थीच्या तऱ्हेची आरोपबाजी) हा शब्द मार्च १९५० मध्येच चित्रात वापरला होता. सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी १ जून १९५० ला सिनेटमध्ये आपल्याच पक्षाच्या लोकांना सुनावलं होतं. म्हणजे मर्रो पहिला नव्हता, चार वर्षं उशिरा आला होता. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. टेलिव्हिजन हे पाहुण्यासारखं माध्यम आहे, जाहिरातदाराच्या परवानगीने घरात शिरतं, म्हणून वर्तमानपत्रापेक्षा नेहमी उशिरा धीट होतं. चार वर्षं मात्र चार वर्षंच असतात.

मग त्या अर्ध्या तासाने काय साधलं? ते सांगायचं तर तो कार्यक्रम कसा बांधला होता ते बघावं लागेल, आणि इथे मी माझ्या गल्लीत आलो.

फ्रेंडलीच्या माणसांनी मॅकार्थीचं फुटेज महिनोन्महिने जमवून ठेवलं होतं. कार्यक्रमाचं तंत्र साधं. मॅकार्थीला बोलू द्यायचं, मग मर्रोने एका वाक्यात वस्तुस्थिती सांगायची. रीड हॅरिस नावाच्या अधिकाऱ्याला १९३२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावरून मॅकार्थी झापतो आहे, आणि त्याला एका नागरी हक्क संघटनेने वकील दिला होता, ती संघटना कम्युनिस्टांची आघाडी म्हणून नोंदलेली आहे असं ठोकून देतो. लगेच मर्रो सांगतो, कोणत्याही संघराज्यीय यंत्रणेने त्या संघटनेला तसं ठरवलेलं नाही. विशेषण नाही, आवाज चढवणं नाही. मॅकार्थीने भाषणात शेक्सपिअरच्या सीझरचा हवाला दिला होता. मर्रोने त्याच नाटकातल्या थोड्या आधीच्या ओळी वाचून दाखवल्या, दोष आपल्या नशिबात नसून आपल्यात आहे, या अर्थाच्या. मग स्वतःची बाजू उघड मांडली: मतभेद म्हणजे देशद्रोह समजू नये. ही बाजू घेणं त्याने बातमीच्या आड लपवलं नाही, शेवटी वेगळं काढून, कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. आजच्या पॅनेलवाल्या आरडाओरड्यात वाढलेल्या मुलांना हा भाग संथ वाटतो. दुसऱ्यांदा बघितला की वाटत नाही.

पण हे न्याय्य होतं का? एखाद्याच्या चार वर्षांतले सगळ्यात वाईट क्षण निवडून सलग लावले तर कोण सुटेल? हा आक्षेप मॅकार्थीच्या भक्तांनीच नव्हे, त्याच्या विरोधकांनीही घेतला होता. गिल्बर्ट सेल्डिस हे त्या काळातले नामांकित समीक्षक, मॅकार्थी त्यांना मुळीच पसंत नव्हता. पण हेच हत्यार उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं तर काय, ही चिंता त्यांनी मांडली होती.

मला हा आक्षेप नुसता पुस्तकी वाटत नाही, कारण तो गुन्हा मी केलेला आहे. एका नगरपालिकेच्या अधिकाऱ्याचा बारा मिनिटांचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, आला होता. तो म्हणाला होता, "पाणी नाही असं सांगून हात झटकणं सोपं आहे, पण आम्ही टँकरची व्यवस्था केलीय." डेस्कला 'पाणी नाही' एवढंच हवं होतं. बुलेटिनला वीस मिनिटं उरलेली. मी पुढचं उडवलं, वर मोकळ्या हंड्यांचा शॉट टाकला. बातमी जोरात गेली. दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्याच्या दारात बायकांचा मोर्चा. त्याने आम्हाला फोन केला तो ओरडायला नाही. फक्त विचारलं, "साहेब, माझं पुढचं वाक्य कुठे गेलं?" त्यानंतर माझ्या एडिट बेमध्ये एक नियम झाला: बाइट कापल्यावर, ज्याचा आहे तो माणूस मागच्या खुर्चीवर बसून बघतोय असं समजून एकदा लावून बघायचा. सेल्डिस यांच्या आक्षेपाला माझं उत्तरही यातूनच येतं. कापणं अन्याय्य नसतं. कापल्याने वाक्याचा अर्थ उलटला तर ते अन्याय्य. मर्रोने मॅकार्थीची वाक्यं उलटवली नाहीत, त्याची सवय पकडली.

शिवाय त्याने उत्तराला जागा दिली. ६ एप्रिल १९५४ ला मॅकार्थीला तोच अर्धा तास, तीच वेळ, आणि मध्ये कोणाची कात्री नाही. मॅकार्थीने तो अर्धा तास मर्रोलाच कम्युनिस्टांचा हस्तक ठरवण्यात घालवला. मर्रोने दाखवलेल्या एकाही गोष्टीला धड उत्तर दिलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत परिणामकारक एडिटिंग म्हणजे हा न कापलेला अर्धा तास.

याच्या पुढची पायरी चित्रपटात फार थोड्यात उरकली आहे. २२ एप्रिल ते १७ जून १९५४, लष्कर आणि मॅकार्थी यांच्यातल्या वादाची सुनावणी. ३६ दिवस, सुमारे १८७ तास, टीव्हीवर थेट. एबीसी आणि ड्यूमाँट या दोन वाहिन्यांनी ती पूर्ण दाखवली. मोठ्या वाहिन्यांना दुपारच्या मालिका बुडवायच्या नव्हत्या, सीबीएससुद्धा त्यातच. लोकांनी मॅकार्थीला पहिल्यांदा सलग पाहिलं: मध्येच तोडणारा, दमदाटी करणारा, सारखा 'पॉइंट ऑफ ऑर्डर' (हरकतीचा मुद्दा) म्हणणारा. ९ जूनला लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी त्याला सभ्यतेचा काही लवलेश उरला आहे का, असं विचारलं, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्याला पसंती देणारे जानेवारीत ५० टक्के होते, जूनमध्ये ३४. डिसेंबरच्या २ तारखेला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याची निर्भर्त्सना केली. कशाबद्दल, हेही प्रेक्षकांना जरूर सांगा. सामान्य माणसांना छळलं याबद्दल नाही, सिनेटच्याच समित्यांचा अवमान केला याबद्दल.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एका कार्यक्रमाने पाडलं नाही. झाड आतून पोखरलं होतं, कुऱ्हाडीही बऱ्याच पडत होत्या. मर्रोने केलं ते इतकंच की घरी बसलेल्या माणसाला कळलं, हे मोठ्याने बोललं तरी आभाळ कोसळत नाही. इतकं म्हणजे थोडं नाही.

अ‍ॅनी ली मॉसच्या प्रसंगाला गप्पांमध्ये एक जाणकार प्रेक्षक तुम्हाला अडवेल, म्हणून आधीच सांगतो. पेंटॅगॉनमध्ये संदेश विभागात काम करणारी ही कृष्णवर्णीय बाई, ११ मार्च १९५४ ला समितीपुढे आली. मॅकार्थी अर्ध्यातून उठून गेला, रॉय कोन गुप्त पुराव्याच्या गोष्टी करत राहिला, सिनेटर मॅक्लेलन यांनी ऐकीव आरोपांनी माणसाला दोषी ठरवण्याला विरोध केला, आणि कॅमेरा मॅकार्थीच्या रिकाम्या खुर्चीवर गेला. त्या खुर्चीच्या शॉटइतका बोलका शॉट मला आयुष्यात मिळाला नाही. पुढे १९५८ मध्ये सरकारच्या एका मंडळाने म्हटलं की कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या नोंदींत तिचं नाव आणि पत्ता होता. चित्रपट हे सांगत नाही. सांगायला हवं होतं, असं माझं मत. मर्रोचा मुद्दा ती निर्दोष आहे हा नव्हताच. आरोप करणाऱ्याने पुरावा समोर ठेवावा, एवढाच होता. नोंद सांगून टाकली असती तर तो मुद्दा आणखी घट्ट झाला असता.

सीबीएसवर बातम्या देणाऱ्या डॉन हॉलेनबेकच्या बाबतीत मात्र जपून बोला. ९ मार्चच्या कार्यक्रमानंतर लगेच रात्रीच्या बातम्या देताना त्याने मर्रोच्या शब्दाशब्दाशी सहमती दाखवली. एका स्तंभलेखकाने त्याला बराच काळ झोडपलं. २२ जून १९५४ ला त्याने आत्महत्या केली. चित्रपटात ती लेखणी आणि ते मरण शेजारी येतात, आणि मधला 'म्हणून' आपसूक पडतो. त्याची तब्येत ढासळलेली होती, घरचे प्रश्न होते. छळ खरा होता, पण आत्महत्येचं कारण एका माणसाच्या नावावर लिहून मोकळं होऊ नये.

किंमत मोजण्याचा हिशोबही चित्रपटात लगोलग होतो. प्रत्यक्षात तो हळूहळू झाला, आणि म्हणून जास्त खरा वाटतो. जाहिरातदार अ‍ॅल्कोआ ही अ‍ॅल्युमिनियमची कंपनी. घराघरांत साबण विकणारी असती तर बहिष्काराच्या भीतीने आधीच पळाली असती. तिने १९५५ मध्ये कार्यक्रम सोडला. त्याच उन्हाळ्यात मर्रोच्या अगदी आधीच्या अर्ध्या तासात ६४ हजार डॉलरच्या बक्षिसाची प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि तुफान चालली. आता शेजारच्या स्लॉटची किंमत किती वाढली असेल बघा. 'सी इट नाऊ'ची ठरलेली वेळ गेली, अधूनमधून भाग व्हायचे, १९५८ मध्ये तेही संपलं. कोणी बंदी घातली नाही. रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमात, जागा उरली नाही, बस. मी बंद पडताना पाहिलेले चांगले कार्यक्रम जवळजवळ सगळे असेच गेले.

गप्पांमध्ये कोणीतरी आणीबाणी काढेलच. काढू द्या, पण फरक दाखवा. १९७५ मध्ये दूरदर्शन सरकारचंच होतं, तिथे मर्रो असण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे आवाज उठला तो टीव्हीबाहेर: कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत घ्या, किंवा कोरा सोडलेला अग्रलेख घ्या. मर्रोवरचा दाब सरकारी सेन्सॉरचा नव्हता, वाहिनीचा मालक विल्यम पेली आणि जाहिरातदार यांच्यातून आलेला होता. सरळ तुलना केली तर दोन्ही गोष्टी पातळ होतात.

राहिला प्रश्न झेपण्याचा. ते बरंचसं तुमच्या प्रेक्षकांवर आहे. इंग्रजी सबटायटल भराभर वाचणारे असतील तर अडचण नाही. संवाद एकमेकांवर चढलेले आहेत, पात्रांची ओळख कोणी करून देत नाही, कृष्णधवल चित्र आणि सिगारेटचा धूर यांत पहिली वीस मिनिटं चेहरे वेगळे काढणं जड जातं. सुरुवातीला दहा मिनिटं बोला. मॅकार्थी कोण, मर्रो कोण, पेली कोण, एवढंच. वाहिनीत काम करणाऱ्या वेर्शबा दांपत्याचं लपवलेल्या लग्नाचं उपकथानक मला उपरं वाटतं, त्याची तयारी करून द्यायची गरज नाही. सुरुवातीला आणि शेवटी १५ ऑक्टोबर १९५८ चं मर्रोचं शिकागोतलं भाषण आहे, मधली सगळी गोष्ट त्याच्या आधीची, हे सांगून ठेवा, नाहीतर लोक तारखांमध्ये अडकतात.

आणि जमलं तर एक करा. मूळ ९ मार्चचा कार्यक्रम इंटरनेटवर बघायला मिळतो, मॅकार्थीचं उत्तरही. चित्रपट संपल्यावर त्या उत्तरातली पाच मिनिटं लावा, न कापता. मी लावतो तेव्हा वर्गात सुरुवातीला हसू येतं. तिसऱ्या मिनिटाला थांबतं, कारण तोवर कोणाच्या तरी लक्षात येतं की या माणसावर त्या वर्षाच्या सुरुवातीला अर्धा देश खूश होता.